वशिंड नसलेला बैल

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिला बचत गटांसाठी भरलेल्या मऊ खेळण्यांच्या प्रशिक्षण शिबिराचे वृत्त पोळ्याच्या आदल्या आठवड्यात आपल्या दैनिकात छायाचित्रासह आले होते. माझ्या शिवणवर्गातील दोघी जणी त्या शिबिरास गेल्या होत्या. तेथून त्यांनी आणलेल्या वस्तू मी हातात घेऊन, उलटसुलट करून पाहिल्या आणि त्यानंतरच हे पत्र लिहावेसे वाटले. आयोजकांच्या हेतूविषयी मला शंका नाही. प्रत्येकीला कापडाचे आधीच कापलेले तुकडे, डोळे, दोरा आणि आत भरायच्या फायबरची पिशवी देण्यात आली होती. तीन दिवसांत प्रत्येकीने एक अस्वल, एक ससा आणि एक गाय शिवली, आणि शिलाईही वाखाणण्याजोगी होती. मात्र चौथे खेळणे कोणते करणार असे विचारताच दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. "बाई, त्याचे तुकडे कुठे मिळतील?" असा प्रश्न त्यांनीच मला केला.

माझे म्हणणे याच प्रश्नापाशी आहे. मऊ खेळण्यात शिलाई हा सोपा भाग असतो. उलटी टीप घालता येणारी कोणतीही बाई ते चार दिवसांत शिकते. खरे काम खाक्यात, म्हणजे कापडाला कात्री लागण्यापूर्वी खाकी कागदावर होणाऱ्या आखणीत असते, आणि शिबिरातून नेमके तेवढेच वगळले गेले होते. ब्लाउजच्या कटिंगचे माप न शिकवता केवळ कापलेले ब्लाउज जोडायला लावणाऱ्या वर्गाला आपण शिवणवर्ग म्हणणार नाही. खेळण्यांच्या बाबतीत मात्र ते आपल्याला चालते, याचे मला नवल वाटते.

त्या गायीचेच उदाहरण घेते, कारण ती गाय अजून माझ्या शिलाई मशीनवर बसलेली आहे. पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची, गुलाबी नाकाची आणि पाठीवर अगदी सपाट. आमच्या शेजारच्या आजींनी तिच्याकडे एकदा पाहिले आणि विचारले, "हाऊ बैल शे का? याले ते वशिंडच नही." ती गाय असल्याचे सांगितल्यावरही त्यांचे समाधान झाले नाही, कारण आपल्याकडच्या गायीलाही लहानसे का होईना, वशिंड असतेच आणि गळ्याखाली कातड्याची पोळी लोंबत असते. नमुना परदेशी गुरांचा होता. त्या गुरांना वशिंड नसते, म्हणून नमुन्यातही ते नव्हते, आणि आमच्या मुलींनी ते मुकाट्याने तसेच शिवले. तापीकाठचा पांढरा खिल्लार किंवा सातपुड्याकडून येणारा तांबडा, पांढऱ्या डागांचा निमाडी बैल ज्यांनी लहानपणापासून पाहिला आहे, त्यांच्याच हातून हे घडावे, हे मला लागले.

त्यानंतर मी स्वतःच बैलाचा खाका काढायला बसले. त्यात माझ्या ज्या चुका झाल्या त्या सांगितल्याशिवाय माझा मुद्दा पुरा होणार नाही.

पहिला बैल मी, आपण चित्र काढतो तसा, बाजूने काढला, दोन कुशींचे दोन तुकडे कापले आणि मध्ये पोटपट्टी दिली. पाय कागदावर जेवढे जाड हवे होते तेवढेच रुंद ठेवले होते. भरल्यावर ते काठ्यांसारखे निघाले आणि बैल नाकावर पडला. याचे कारण साधे आहे, पण ते मला कोणी सांगितलेले नव्हते. सपाट कापडाची रुंदी भरल्यावर जाडीत उतरत नाही, ती घेरात वाटली जाते. कागदावर ४ इंच रुंद काढलेला पाय पुढून-मागून शिवून भरला की त्याचा घेर ८ इंच होतो आणि जाडी सुमारे अडीच इंचच भरते. म्हणून पाय, मान आणि शेपटी कागदावर बेढब वाटावीत इतकी रुंद काढावी लागतात. शाळेत वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांची गणिते सोडवून मी गुण मिळवले होते, परंतु त्यांचा उपयोग मला त्या पडलेल्या बैलाने शिकवला.

दुसऱ्या बैलाचे पाय जाड झाले, पण तो पाय फाकवून बसला. पोटपट्टी कुशीच्या तुकड्याइतकीच सैल ठेवली की भरणाच्या दाबाने पोट खाली येते आणि पाय बाहेर ढकलले जातात. पट्टीच्या मधोमध, पुढच्या पायांपासून मागच्या पायांपर्यंत, एक लांबट टक्स, म्हणजे कापड चिमटीत धरून निमुळती शिवण, घेतल्यावर पाय अंगाखाली आले. त्याच बैलाचे वशिंड मी दोन्ही कुशींच्या तुकड्यांवरच उंचवटा काढून केले होते. ते वरून चिमटीत धरल्यासारखे, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे दिसू लागले. वशिंडाला रुंदी हवी, आणि रुंदीसाठी दोन कुशींच्या मध्ये पिंपळपानाच्या आकाराची वेगळी पट्टी घालावी लागते. त्या पट्टीची कड आणि कुशीवरचा बाक यांची लांबी दोऱ्याने मोजून जुळवावी लागते, कारण वळणावर मोजपट्टी सरळ ठेवून घेतलेले माप चुकते. पाऊण इंचाचा फरक मी दुर्लक्षिला तेव्हा पाठ एका अंगाला मुरडली, जणू बैलाला लकवा झाला होता. गळ्याखालची पोळी त्या मानाने सोपी निघाली. ती दुहेरी कापडाची, आत काही न भरता, गळ्याच्या शिवणीत अडकवली की आपोआप लोंबते.

तिसऱ्या वेळी माझा मार्ग पोळ्याच्या बाजारातून गेला. कुंभाराकडून घेतलेला मातीचा बैल मी आधी स्वयंपाकघरातल्या पातळ प्लॅस्टिकमध्ये आणि मग चिकटपट्टीत सर्व बाजूंनी गुंडाळला, शिवणी कोठे याव्यात ते त्यावर पेनाने आखले, आणि त्याच रेघांवरून ब्लेडने ते आवरण अलगद सोलून काढले. ते तुकडे कागदावर पसरताना जेथे सुरकुती पडते तेथे कात्रीने फट द्यायची, आणि जेथे फट उघडते तेथेच टक्स. पृथ्वीगोलाचा सपाट नकाशा काढताना भूगोलाच्या पुस्तकात जी अडचण सांगितलेली असते, तीच येथे हातात येते. बैल मात्र टीचभर होता. खाका दुप्पट केला की कापड चौपट लागते आणि भरण आठपट, हा हिशेब मी आधी मांडला नव्हता, त्यामुळे फायबर आणायला दोनदा बाजारात जावे लागले. शिवणीसाठीची पाव इंच मार्जिन खाका मोठा करून झाल्यावरच बाहेरून वाढवायची, नाहीतर तीही दुप्पट होते.

आता भरणाविषयी. आपल्या भागात कापूस दारात असताना फायबर विकत का आणायचे, असे बायका विचारतात आणि त्यात तथ्य आहे. परंतु कापूस दाबला की गाठी धरतो, पावसाळ्यात ओल ओढतो, आणि खेळणे धुतल्यावर आतून लवकर वाळत नाही. मी खुरांकडे थोडा पिंजलेला कापूस ठासून भरते, त्याने पायाला घट्टपणा येतो. बाकी सगळे फायबर. लव असलेले कापड घेतल्यास लव डोक्याकडून शेपटीकडे गेली पाहिजे. कुशीचा दुसरा तुकडा कापताना खाका उलटा ठेवायचा, हे विसरल्यास दोन्ही डाव्या कुशी हाती येतात आणि महागडे कापड वाया जाते. म्हणूनच प्रत्येक नवा खाका आधी मांजरपाटावर शिवून, भरून पाहावा, चुकलेल्या जागी पेनाने खुणा कराव्यात आणि तो उसवून पुन्हा कागदावर ठेवावा, असे मी आता माझ्या मुलींना सांगते.

दुसऱ्याचा नमुना वापरूच नये, असे माझे म्हणणे नाही. जर्मनीतील गिंगेन गावच्या मार्गारेटे श्टाइफ यांनी १८८० साली केलेला कापडी हत्ती मासिकात छापून आलेल्या नमुन्यावरून केलेला होता, आणि ती टाचण्या खोचण्याची उशी होती. मुलांनी ती खेळायला घेतली, तेथून धंदा उभा राहिला. बालपणीच्या पोलिओने चाकाच्या खुर्चीत बसलेल्या त्या बाईंचा पुतण्या रिचर्ड मात्र प्राणिसंग्रहालयात जाऊन प्राण्यांची चित्रे काढीत असे, आणि १९०२ साली त्याने आखलेले हलत्या हातापायांचे अस्वल आज जगभर ओळखले जाते. पहिली वस्तू नमुन्यावरून येणे स्वाभाविक आहे. दहावी वस्तूही नमुन्यावरूनच येत असेल तर शिकवण्यात कोठेतरी उणीव राहिली आहे.

ही खेळणी जत्रेत आणि सणांच्या बाजारात विकायची आहेत, असेही वृत्तात म्हटले होते. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक झालेले आहे. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्या कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. माझ्या दोघींना शिबिरात यातील काहीच सांगितले गेले नव्हते. विक्रीचे स्वप्न दाखवणाऱ्यांनी नोंदणीचा अर्जही तेथेच भरून घ्यायला हवा होता. तसेच पिशवीतून मिळालेले प्लॅस्टिकचे डोळे तान्ह्या मुलाच्या तोंडात जाऊ शकतात. त्याऐवजी डोळे भरतकामाने काढायला अर्धा तास पुरतो, तोही शिकवावा.

पुढील शिबिर तीन दिवसांचेच असेल तर त्यातील पहिले दोन दिवस कागद, पेन्सिल आणि मांजरपाट यांना द्यावेत, आणि प्रत्येक बाईने आपल्या गोठ्यातील, अंगणातील किंवा रानातील एक प्राणी निवडावा, एवढी माझी आयोजकांना विनंती आहे. खेळणी कमी होतील, छायाचित्रातले टेबल थोडे रिकामे दिसेल. सारंगखेड्याच्या बाजारातला घोडा किंवा बांधावरची टिटवी यांचे तयार तुकडे कोणत्याच पिशवीत मिळत नाहीत.

माझा बैल आता चार पायांवर उभा राहतो, त्याला वशिंड आहे, आणि शेजारच्या आजींनी त्याच्या शिंगांना बेगड लावून दिली. त्याचा खाका खाकी कागदावर काढून मी वर्गाच्या भिंतीला टांगला आहे, ज्यांना हवा त्यांनी येऊन कागदावर उतरवून न्यावा. मागच्या दोन पायांच्या मध्ये पोटपट्टी अजून थोडी ओढते. ती जागा मला साधलेली नाही.

कळावे,
एक शिवणशिक्षिका,
अमळनेर