बाबांच्या कपाटातली बाटली

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल व्हिडिओ कॉलवर आई सारखी मान वळवत होती. मला वाटलं, अवघडली असेल. मग फोन कलला आणि कानाखालचा तो पांढरट, कडेने लाल झालेला चट्टा दिसला. म्हणे, "काही नाही गं, तिथल्या डागावर बाबांनी औषध लावलंय." औषध! ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड, ५० टक्के. बाबांनी लेबल वाचून दाखवलं, तेही कौतुकाने.

बाबा, रागावू नका. त्या ॲसिडला चामखीळ कुठली आणि चांगली कातडी कुठली हे कळत नाही. लागेल तिथली प्रथिनं ते गोठवतं, अंडं उकडल्यावर पांढरं होतं तसं. आणि तुम्ही एकावर एक तीन हात दिलेत! प्रत्येक हाताला ते आणखी खोल उतरतं. एकदा जागा पांढरी पडली की वरून सोडा लावून काही मागे फिरत नाही. डॉक्टरही हे वापरतात, कधी याहून तीव्र. पण काय जाळतोय ते आधी बघून.

माझी खरी काळजी तीच आहे. आईचा तो डाग नेमका होता काय? वयानुसार येणारे खरखरीत, मेणाचा थेंब चिकटवल्यासारखे तपकिरी डाग निरुपद्रवी असतात, आणि बहुधा तोच असेल. पण त्वचेचा कर्करोग कधीकधी हुबेहूब तसाच दिसतो. वरचं जाळून टाकलं की खालचं तसंच राहू शकतं, वर व्रण धरतो आणि तपासायला तुकडाही उरत नाही.

बाबा, तुमच्या मानेवरच्या लोंबत्या चामखिळींना तर हातच लावू नका. मधुमेहात जखम भरायला वेळ लागतो. डॉक्टर त्या द्रव नायट्रोजनने गोठवतात किंवा विजेच्या सुईने काढतात, काही मिनिटांचं काम. "ऑनलाइन मिळतं म्हणजे मान्यता असणारच," म्हणालात ना? अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२४ मध्ये असली तीव्र पील, म्हणजे कातडीचा वरचा थर सोलून काढणारी रसायनं, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय वापरू नका, असा इशारा दिलाय.

आई, खपली काढू नकोस. पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दे, ऊन लागू देऊ नकोस; आपल्या सावळ्या कातडीवर काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. लाली पसरली, पू किंवा ताप आला तर माझी वाट न बघता डॉक्टरांकडे जा. तो डाग फोटोत वाईट दिसायचा, हे मला कधी बोलली नाहीस. बोलली असतीस तर मीच घेऊन गेले असते.

शनिवारी येतेय, त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, दोघांचीही. बाटली फेकू नका, त्यांना दाखवायची आहे. पण बाबा, ती डोळ्यांत घालायच्या थेंबांशेजारी ठेवलीय म्हणालात. हे वाचून झाल्यावर नाही, आत्ताच उठा आणि तिथून हलवा.

तुमची,
लेक