नेविगेसचं छत

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

परवाचा तुझा फोन डोक्यातून जात नाही. तुझ्या आर्किटेक्चरच्या ज्यूरीनं, म्हणजे परीक्षकांनी, तुझ्या डिझाइनमधलं घड्यांचं छत बाजूला ठेवलं, आणि तू मला विचारलंस, "बाबा, तुम्ही सांगा, हे बांधलं तर गळेल का?" तीस वर्षं स्लॅब टाकणाऱ्या माणसाच्या तोंडून जे यायचं तेच आलं, "गळणारच." तू "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास. ते "बरं" मला ओळखता येतं. लहानपणी रडू आवरताना तू असंच म्हणायचीस.

म्हणून आज नीट लिहितोय. गेल्या जूनमध्ये आम्ही तुझ्याकडे आलो तेव्हा तू सबमिशनमध्ये बुडालेली होतीस. मी एक दिवस एकटाच वुपरटालहून एस-९ ही लोकल पकडून जर्मनीतल्याच नेविगेस गावाला जाऊन आलो होतो. "छान होतं" एवढंच बोललो तेव्हा. खरं तर तिथल्या, आर्किटेक्ट गॉटफ्रीड ब्योम यांनी बांधलेल्या यात्रेकरूंच्या चर्चमध्ये मी दोन तास बसून होतो.

गाव छोटं, उतरत्या काळ्या छपरांचं. त्यात मधेच काँक्रीटचा डोंगर उभा. सगळ्यात उंच टोक सुमारे ३४ मीटर. पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी यात्रेकरूंची वाट आणि तिच्या कडेनं त्यांचं राहायचं घर. मला पंढरपूर आठवलं. तिथेही देवाआधी वाट येते. आत शिरलो तर पायाखाली बाहेरचीच फरसबंदी, तशीच विटांची. उजेडाला रस्त्यावरच्यासारखे दिव्याचे खांब. भिंतींना सज्जे, जणू गावातली घरं चौकाकडे बघतायत. आणि वर छत, सगळ्या घड्या एकमेकींना टेकून उभ्या, मधे एकही खांब नाही. मी मान वर करून सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, कसं लावलं असेल याचा हिशेब करत होतो, तेवढ्यात बाहेर ऊन आलं आणि लाल गुलाबाच्या काचेतून करड्या भिंतीवर लाल रंग उतरला. हिशेब तिथेच राहिला. त्या काचांचं डिझाइनही गॉटफ्रीड ब्योम यांनी स्वतःच केलेलं.

हा माणूस तुझ्याच आखेनच्या विद्यापीठात १९६३ ते १९८५ शिकवत होता. जन्म १९२० चा. वडील डोमिनिकुस हे चर्च बांधणारे नावाजलेले आर्किटेक्ट. मुलगा लढाईवर गेला, जखमी होऊन परतला, म्युनिकमध्ये आर्किटेक्चर आणि सोबत शिल्पकला शिकला. बाहेर पडला तेव्हा कोलोन म्हणजे विटांचा ढिगारा होता. सेंट कोलुंबा चर्च बॉम्बनं पडलं होतं, पण त्यातली मेरीची एक जुनी मूर्ती वाचली होती. ब्योम यांचं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे त्या मूर्तीवर बांधलेलं छोटंसं चॅपल. ढिगाऱ्यातली मेरी, असंच लोक तिला म्हणतात. तिच्या डोक्यावर सावली धरायची, एवढंच काम. मला त्यांचं हे सगळ्यात आवडतं. पुढे १९५५ मध्ये वडील गेले आणि ऑफिस त्यांच्याकडे आलं.

आता तुझ्या ज्यूरीबद्दल. नेविगेसच्या चर्चसाठी डिझाइनची स्पर्धा होती, तिच्या पहिल्या फेरीत ब्योम यांचं डिझाइन निवडलं गेलं नव्हतं. दुसरी फेरी झाली, तेव्हा ते ठरलं. कोलोनचे मुख्य धर्मगुरू कार्डिनल फ्रिंग्स यांना तोवर जवळजवळ दिसत नव्हतं, त्यांनी मॉडेल हातांनी चाचपून पाहिलं, असं सांगतात. चर्च १९६८ मध्ये उघडलं. १९८६ मध्ये ब्योम यांना आर्किटेक्चरमधला मानाचा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला, जर्मनीतला पहिला. १०१ वर्षांचे होऊन २०२१ मध्ये गेले. त्यांची पत्नी एलिझाबेथही आर्किटेक्ट होती. चार मुलं वाढवली, नवऱ्याच्या इमारतींच्या आतल्या कामात हात होता, पण इमारतींवर नाव एकट्याचं. हे मला खटकतं, आणि तुला तर मुद्दाम सांगावंसं वाटतं.

आणि हो, नेविगेसचं छत गळलं. वर्षानुवर्षं गळलं. वर कोबा नाही, पत्रा नाही, उघडं काँक्रीट हेच छप्पर. भेगा पडल्या, पाणी आत आलं. मधे लेप दिला तोही पुरला नाही. पण म्हणून त्यावर पत्रे ठोकले नाहीत. ब्योम यांचा मुलगा पेटर, तोही आर्किटेक्ट, आणि तुमच्या आखेनचे संशोधक यांनी मिळून तोड काढली. सळईऐवजी कार्बनची जाळी घालून काँक्रीटचा पातळ थर फवारला. कार्बन गंजत नाही, म्हणून सळईवर लागतं तेवढं काँक्रीटचं जाड कव्हर लागत नाही. घड्यांचा आकार होता तसाच राहिला. बापाच्या छताची गळती मुलानं काढली, हे वाचताना माझा कंठ दाटला होता.

माझ्याही हातची एक गच्ची गळली आहे, मनू. तू तिसरीत होतीस. त्या घरातल्या आजींनी बादली लावलेली पाहिली आणि त्या दिवसापासून मी सपाट, साधं, खात्रीचं तेवढंच बांधलं. परवा फोनवर तुला उत्तर दिलं ते त्या बादलीनं.

तर नीट उत्तर असं. तुझ्या मॉडेलमध्ये दोन घड्या जिथे खाली मिळतात तिथे पाणी साचेल. मला फोटोत उतार दिसला नाही. पन्हळ किती रुंद आहे? पाणी कुठल्या बाजूला काढलं आहेस? त्या सांध्याचा सेक्शन मोठ्या स्केलला काढून पाठव. रविवारी मी दिवसभर घरीच आहे.

आई शेंगदाण्याची चटणी कुरियरनं पाठवते आहे.

तुझा,
बाबा