तुझी तपासणी कंपायलरने का पुसली

पुणे, रविवार

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आलं. तुझ्या मीटरच्या प्रोग्रॅमचं डीबग (चाचणीचं) बिल्ड नीट चालतं, ऑप्टिमायझेशन चालू असलेलं रिलीज बिल्ड मोडतं, आणि कंपायलरने बनवलेला मशीन कोड उघडून बघावं तर ओव्हरफ्लोची (आकडा मर्यादेबाहेर गेल्याची) तपासणी तिथे नाहीच! तू तिथपर्यंत जाऊन पाहिलंस याचं मला खरंच कौतुक वाटलं. बहुतेक लोक ऑप्टिमायझेशन (कंपायलरची कोड वेगवान करण्याची सोय) बंद करून मोकळे होतात. पण ‘कंपायलरच बिघडलाय’ हे तुझं अनुमान मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर लिहितो. फोनवर हे धड सांगता येत नाही.

तुझी अट अशी आहे: रीडिंगमध्ये शंभर मिळवल्यावर उत्तर मूळ रीडिंगपेक्षा लहान आलं, तर ओव्हरफ्लो झाला असं समजून परत फिरायचं. ३२ बिटांच्या इंटमध्ये (सीमधल्या साध्या पूर्णांकात) २१४७४८३६४७ च्या पुढे गेलं की आकडा उलटून ऋण होतो, हे आपण कॉलेजपासून पाहत आलोय. पण सी भाषेचं स्टँडर्ड तसं म्हणत नाही. साइन्ड (ऋणही असू शकणारा) पूर्णांक ओव्हरफ्लो झाला तर काय व्हावं, याबद्दल ते काहीच ठरवून देत नाही. त्याला अनडिफाइन्ड बिहेविअर म्हणतं, आणि असा प्रसंग येऊ न देण्याची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर टाकतं. कंपायलर ते शब्दशः घेतो. ओव्हरफ्लो होतच नाही असं धरलं, तर कुठल्याही संख्येत शंभर मिळवून ती लहान होईल का? नाही. मग ही अट कायम खोटी. कायम खोट्या अटीच्या आतला कोड कधीच चालणार नाही, मग तो ठेवायचा कशाला? गेली तुझी ओळ. एकेक पायरी तपासून बघ, चुकीची एकही सापडणार नाही.

यात तू एकटा नाहीस. २००७ साली नेमक्या याच तऱ्हेच्या तपासणीवरून जीसीसी या कंपायलरच्या बग नोंदवहीत जोरदार वाद झाला होता, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या सर्ट या संगणक सुरक्षा संस्थेने अशाच पुसल्या जाणाऱ्या तपासण्यांबद्दल इशारा प्रसिद्ध केला. उपाय सोपा आहे: बेरीज करण्याआधी तपास. रीडिंग हे ‘इंटची कमाल मर्यादा वजा शंभर’ यापेक्षा मोठं आहे का, एवढंच विचार. यात ओव्हरफ्लो कुठेच होत नाही, म्हणून कंपायलर या तपासणीला हात लावणार नाही. सी-२३ या सीच्या नव्या स्टँडर्डमध्ये तर तपासून बेरीज करणारी सोयच आली आहे.

मग ही मोकळीक दिलीच कशाला, असं तू विचारशील. सीचं पहिलं स्टँडर्ड १९८९ चं. ऋण संख्या वेगवेगळ्या पद्धतींनी साठवणारी यंत्रं तेव्हा वापरात होती, आणि सगळ्यांना एकच वागणूक सक्तीची केली असती तर काहींवर साधी बेरीजही महाग पडली असती. ती यंत्रं गेली. सी-२३ ने टूज कॉम्प्लिमेंट ही एकच पद्धत ठेवली. तरी ओव्हरफ्लो अनडिफाइन्डच राहिला, कारण दरम्यान ऑप्टिमायझरला त्याची गोडी लागली होती. ६४ बिटांच्या यंत्रावर ३२ बिटांचा इंडेक्स (यादीतल्या घराचा क्रमांक) घेऊन लूप फिरतं तेव्हा ‘हा इंडेक्स उलटणार नाही’ एवढी खात्री मिळाली, तर प्रत्येक फेरीत तो ताणून ६४ बिटांचा करावा लागत नाही. तुझ्या मीटरमधल्या छोट्या प्रोसेसरवर असा फायदा कमीच, पण मोठ्या आकडेमोडीत तो जाणवतो.

अविनाश, ऑप्टिमायझेशनचं हे तंत्र मुळात किती सुंदर आहे ते तुला दाखवल्याशिवाय मला राहवत नाही. तू ३२ बिटांच्या अनसाइन्ड (ऋण नसणाऱ्या) संख्येला दहाने भाग. कंपायलर बहुधा भागाकार करतच नाही. तो ३४३५९७३८३७ ने गुणतो आणि उत्तर ३५ बिट उजवीकडे सरकवतो. त्या विचित्र आकड्याला दहाने गुणून बघ: ३४३५९७३८३७०. दोनाचा पस्तिसावा घात ३४३५९७३८३६८. फरक फक्त दोनाचा. म्हणजे तो आकडा २ चा ३५ वा घात भागिले १०, अगदी किंचित वर ढकललेला. आणि ते किंचित इतकं नेमकं आहे की ३२ बिटांतल्या एकाही संख्येचं उत्तर चुकत नाही. भागाकार हे प्रोसेसरच्या सर्वांत संथ कामांपैकी एक, गुणाकार कितीतरी वेगवान. याहून मोठं आश्चर्य क्लँग या दुसऱ्या कंपायलरचं. शून्यापासून एनपर्यंतच्या संख्यांची बेरीज करणारं लूप लिही. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर मशीन कोडात लूपच उरत नाही, शाळेत शिकलेलं बेरजेचं सूत्र उरतं. कंपायलर एक्सप्लोरर या संकेतस्थळावर स्वतः करून बघ. मॅट गॉडबोल्ट यांनी २०१२ मध्ये ते सुरू केलं.

या चकित होण्याला जुनी परंपरा आहे. १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या संगणकासाठी जॉन बॅकस यांच्या गटाने फोरट्रान या भाषेचा कंपायलर दिला, तेव्हा हाताने लिहिलेल्या कोडची बरोबरी यंत्र करील यावर प्रोग्रॅमर लोकांचा विश्वास नव्हता. म्हणून त्या गटाने पहिल्यापासून ऑप्टिमायझेशनवर जीव ओतला, आणि निघालेला कोड पाहून पुढे खुद्द तो कंपायलर लिहिणारेच थक्क होत. त्याच वर्षी फ्रान्सिस ॲलन आयबीएममध्ये आल्या. शिक्षणाचं कर्ज फिटलं की शाळेत गणित शिकवायला परत जायचं, असा त्यांचा बेत होता. पहिलं काम मिळालं ते तिथल्या शास्त्रज्ञांना फोरट्रान शिकवायचं. त्या परत गेल्याच नाहीत. जॉन कॉक यांच्यासोबत त्यांनी प्रोग्रॅमच्या विश्लेषणाचा जो पाया घातला, त्यावर आजचे कंपायलर उभे आहेत. संगणकशास्त्रातला २००६ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

आता दुसरी बाजू. २००९ मध्ये लिनक्स कर्नलच्या (त्या प्रणालीच्या गाभ्याच्या) टन या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये एक बारीकसा बदल झाला. एका फंक्शनमध्ये आधी पॉइंटर (मेमरीतला पत्ता) दाखवतो तिथलं एक फील्ड वाचलं जाई आणि नंतरच्या ओळीत तो पॉइंटर नल (रिकामा, म्हणजे शून्य पत्ता) आहे का ते तपासलं जाई. क्रम चुकला होता, हे मान्य. पण जीसीसीने तर्क केला: या पॉइंटरमधून आधीच वाचलंय, नलमधून वाचणं अनडिफाइन्ड, म्हणजे तो नल नाही, म्हणजे पुढची तपासणी फुकट. ती पुसली गेली. एरवी नलमधून वाचताच कर्नल तिथेच कोसळलं असतं. पण हल्लेखोराने शून्य पत्त्यावरचं पान आधीच स्वतःच्या ताब्यात घेतलेलं असेल तर वाचन बिनबोभाट पार पडतं. मग अडवणारी एकच गोष्ट उरते, ती तपासणी. आणि तीच जागेवर नाही! सुरक्षा संशोधक ब्रॅड स्पेंग्लर यांनी त्या जुलैमध्ये हल्ल्याचा चालू नमुना जाहीर केला. तेव्हापासून नल तपासण्या पुसू नयेत असा फ्लॅग (कंपायलरला सूचना) देऊनच कर्नल बिल्ड होतं. सोर्स वाचून हे भोक ओळखणं किती कठीण होतं याचा विचार कर: तपासणी डोळ्यांसमोर लिहिलेली दिसत होती.

पासवर्डची गोष्टही त्याच घराण्यातली. काम झालं की पासवर्डचा बफर (मेमरीतली जागा) मेमसेट या फंक्शनने शून्य करावा ही चांगली सवय. पण त्यानंतर तो बफर कुणी वाचत नाही, म्हणून कंपायलर ते लिहिणं वाया जाणारं समजून काढून टाकतो आणि पासवर्ड मेमरीत तसाच राहतो. इथे तर अनडिफाइन्ड असं काहीही नव्हतं. सी-२३ मध्ये यासाठी काढता न येणारा वेगळा मेमसेट द्यावा लागला.

आणि स्पेकचा किस्सा मला आजही अस्वस्थ करतो. कंपायलरचा वेग ज्यावर मोजला जाई त्या स्पेकच्या २००६ च्या बेंचमार्क संचात १६ घरांच्या ॲरेवरून फिरणारं एक लूप होतं. शेवटी ते नसलेलं सतरावं घर वाचायचं, पण ती किंमत कुठेच वापरायचं नाही. जीसीसी ४.८ तयार होत असताना त्याने ठरवलं की घर वाचलंय म्हणजे इंडेक्स शून्य ते पंधरामध्येच आहे (मोजणी शून्यापासून), म्हणजे ‘सोळापेक्षा लहान’ ही अट नेहमीच खरी. लूप थांबेचना. वर्षानुवर्षं जगभर चाललेला कोड होता तो.

माझं मत आता सांगतो. कंपायलरने तर्क करावा, पुसावं, याला माझी हरकत नाही. तो गप्प राहून पुसतो, ही माझी तक्रार आहे. माणसाने मुद्दाम लिहिलेली सुरक्षेची तपासणी जाते आणि एक इशारासुद्धा येत नाही, हे मला मान्य नाही. कंपायलर लिहिणारे म्हणतात की प्रत्येक वेळी सांगायचं तर इशाऱ्यांचा पूर येईल, कारण मॅक्रो उलगडल्यावर आणि फंक्शनं एकमेकांत मिसळल्यावर अशा निरुपयोगी अटी हजारोंनी तयार होतात, आणि त्यांतली कोणती माणसाने जाणून लिहिली हे त्या टप्प्यावर ओळखता येत नाही. त्यांची अडचण खरी आहे. पण मग मीटर, पंप, इस्पितळातली यंत्रं अशा जागी वेग थोडा सोडून द्यावा असं मला ठामपणे वाटतं. ओव्हरफ्लो उलटूनच येईल अशी हमी देणारा फ्लॅग जीसीसी आणि क्लँग दोघांतही आहे. तो तुमच्या बिल्डमध्ये टाक. शिवाय टेस्टसाठी यूबीसॅन (अनडिफाइन्ड प्रसंग पकडणारं साधन) लावून एक वेगळं बिल्ड कर. असा प्रसंग चालत्या प्रोग्रॅममध्ये घडला की ते ओळ क्रमांकासकट सांगतं. मेमरी कमी असल्याने ते बोर्डवर बसणार नाही, पण हिशेबाचा भाग काढून संगणकावर नक्की चालेल.

कंपायलर खरोखरच चुकतात का? चुकतात. उटा विद्यापीठाच्या गटाने सीस्मिथ नावाचं साधन बनवून, यादृच्छिक प्रोग्रॅम तयार करत, तीन वर्षांत ३२५ हून जास्त दोष शोधले. २०११ मध्ये त्यांनी ते मांडले. झेवियर लरॉय यांच्या कॉम्पसर्ट या कंपायलरचा गणिताने सिद्ध केलेला भाग तेवढा त्या माऱ्यात टिकला. म्हणून यूबीसॅन स्वच्छ आलं आणि तरी रिलीज बिल्ड मोडलं, तर तुझा संशय मी गंभीरपणे घेईन. तेव्हा तो कोड कमीत कमी ओळींत आणून मला पाठव, बसून बघू.

गौरीला कंपायलर शिकायचाय म्हणतोस, तर तिला पवईचं नाव सांग. आयआयटी मुंबईत उदय खेडकर यांनी जीसीसी रिसोर्स सेंटर उभं केलं. जीसीसी आतून कसा चालतो हे त्यांनी कार्यशाळा घेऊन शिकवलंय, त्यांचं साहित्य तिला शोधायला सांग. काकूंना माझा नमस्कार.

तुझा,
मिलिंद