सई, त्या साडेचार लाखांबद्दल

प्रिय सई,

फोनवर बोलायला गेलं की दोघांचा आवाज चढतो, मग तू म्हणतेस बाबा राहू दे, नंतर बोलू, आणि ते नंतर काही येत नाही. म्हणून लिहून पाठवतोय. मला मोबाईलवर टाईप करायला वेळ लागतो, दोन दिवस झाले बसलोय, तेव्हा शेवटपर्यंत वाच, मध्येच फोन करू नकोस.

एफडी तुझ्यासाठीच आहे हे आधी सांगतो. ती मोडायला माझी ना नाही. पण इंग्लंडची नोकरी आणि व्हिसा मिळवून देतो म्हणून साडेचार लाख मागणाऱ्या बाणेरच्या त्या कन्सल्टन्सीला द्यायला मी ती मोडणार नाही.

दिवाळीत तू येऊन गेलीस आणि त्यांनी दिलेलं मँचेस्टरच्या नोकरीचं ऑफर लेटर आईला दाखवलंस, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. गेल्या गुरुवारी मी स्वतः तिथे जाऊन आलो, तुला सांगितलं नाही. दापोडीहून मेट्रोने शिवाजीनगर, तिथून बसने बाणेर. ऑफिस चकाचक आहे, भिंतीवर देशोदेशींचे झेंडे, समोर बसलेली मुलगी तुझ्याच वयाची आणि बोलायला चांगली होती, तिने चहा पण दिला. मी विचारलं, ही मँचेस्टरची कंपनी सरकारच्या स्पॉन्सर यादीत, म्हणजे बाहेरून माणसं बोलवायची परवानगी असलेल्यांच्या यादीत, आहे का? तर म्हणे काका आमचं टायअप आहे. मग विचारलं साडेचार लाख कशाचे? तर तिने अ‍ॅग्रीमेंट काढून दाखवलं, त्यात लिहिलंय "डॉक्युमेंटेशन व मार्गदर्शन शुल्क", आणि खाली बारीक अक्षरात, परत मिळणार नाही.

ते शब्द वाचले आणि माझ्या पोटात गोळाच आला. का ते तुला माहीत नाही, कारण आम्ही दोघांनी तुला कधी सांगितलंच नाही.

१९९७ साली, तुझा जन्म व्हायच्या आधी, भोसरीतला कारखाना तीन दिवस चालायचा आणि तीन दिवस बंद असायचा. मस्कतला फिटर पाहिजेत असं कळलं म्हणून मी मुंबईच्या एका एजंटकडे गेलो. त्याच्या टेबलावर पासपोर्टचे गठ्ठे होते, भाजीच्या जुडीला बांधतात तसे रबरबँड लावलेले, आणि माझा पासपोर्ट त्याने न बघताच त्यातल्या एका गठ्ठ्यात सारला. २२ हजार रुपये दिले. त्यासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या. पावती दिली त्यावर काय लिहिलं होतं माहितीये? डॉक्युमेंटेशन चार्जेस. नोकरीचे पैसे असं कुठेच नाही. दोन महिन्यांनी गेलो तर ऑफिसला कुलूप, पोलिसात गेलो तर ते म्हणाले पावतीवर तर कागदपत्रांचे पैसे आहेत, नोकरी देतो असं त्याने कुठे लिहून दिलंय. पासपोर्ट चार महिन्यांनी हातात आला, पैसे गेलेच. पाटल्या सोडवायला १९९९ उजाडलं. ती पावती मी अजून जपून ठेवलीय, कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये तुझ्या दहावीच्या मार्कशीटच्या खाली आहे.

म्हणून मी परत आलो आणि खालच्या मजल्यावरच्या ओंकारला घेऊन बसलो, चार संध्याकाळी. तू कामाच्या गडबडीत आहेस, तुला रात्री दहाला घरी यायला मिळतं, म्हटलं आपण बघू. आणि बघितल्यावर मला जे कळलं ते खरं तर कुणाकडे पैसे भरून कळायची गरजच नव्हती, सगळं उघड्यावर पडलेलं आहे.

इंग्लंडचं सरकार लायसन असलेल्या स्पॉन्सर कंपन्यांची अख्खी यादी वेबसाइटवर टाकतं, फुकट, जवळपास रोज अपडेट होते. एक्सेलमध्ये उघडते, लाखाच्या वर नावं आहेत. कंपनीचं नाव, गाव, रेटिंग आणि कुठल्या रूटसाठी परवानगी आहे ते. रूट म्हणजे व्हिसाचा प्रकार, तुला स्किल्ड वर्कर हा बघायचा. ओंकारने त्या ऑफर लेटरवरचं नाव टाकलं, नाहीच. मग मी म्हटलं कधी कधी दुकानावर एक नाव असतं आणि रजिस्टरला दुसरं, तसं असेल. (असतंही तसं, हे लक्षात ठेव, यादीत कंपनीचं कायदेशीर नाव असतं, बोर्डावरचं नाही.) म्हणून लेटरवरचा कंपनी नंबर घेऊन तिथल्या कंपनी रजिस्ट्रारच्या साइटवर टाकला, ते पण फुकट आहे. नंबर खरा निघाला पण तो भलत्याच गावातल्या, भलत्याच धंद्यातल्या कंपनीचा. आणि एचआरचा मेल जीमेलवरचा.

हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट बघ. लेटरवर पगार वर्षाला २९ हजार पौंड लिहिलाय. २२ जुलै २०२५ पासून तिथे स्किल्ड वर्कर व्हिसाला साधारण ४१,७०० पौंड लागतात, किंवा त्या कामाचा ठरलेला दर जास्त असेल तर तो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना सवलत आहे पण ती वयाने २६ च्या आतल्यांना, नाहीतर तिथे शिकलेल्यांना वगैरे, तू त्यात बसत नाहीस. म्हणजे कंपनी खरी असती, यादीत असती, तरी या पगारावर तुला व्हिसा मिळालाच नसता. कन्सल्टन्सीला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्यांचे पैसे व्हिसावर अवलंबून नाहीत, तुझ्या सहीवर आहेत.

आता पैशाचं नीट समजून घे, कारण इथेच सगळे गोंधळ घालतात. व्हिसाची फी आपण भरायची असते, हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठीची रक्कम, वर्षाला १,०३५ पौंड तो पण बहुतेकदा आपणच भरतो, इंग्रजीची परीक्षा, कागदपत्रं, हे आपले खर्च. ते सरकारला जातात आणि त्याची पावती सरकारची येते. पण स्पॉन्सर लायसनचा खर्च, सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप म्हणजे कंपनी तुझ्या नावाने काढते त्या दाखल्याची फी, बाहेरचा माणूस घेतल्याबद्दलचा स्किल्स चार्ज, हे मालकाचे. ते कामगाराकडून वसूल करायला तिथे मनाई आहे. कॅनडात पण मालक एलएमआयएसाठी, म्हणजे बाहेरचा माणूस घ्यायच्या सरकारी मंजुरीसाठी, दर जागेमागे १,००० डॉलर भरतो आणि ते तुझ्याकडून घेऊ शकत नाही. तिथे तर एलएमआयए विकायचा धंदा इतका माजला की मार्च २०२५ मध्ये सरकारने एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कायमचं राहायला येणाऱ्यांना पॉइंटवर निवडतात त्यात, जॉब ऑफरचे मिळणारे पॉइंटच काढून टाकले. ऑस्ट्रेलियात स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे मागणं २०१५ पासून बेकायदा आहे, देणाराही अडकतो. तेव्हा कुणीही म्हणालं की स्पॉन्सर मिळवून देतो इतके लाख द्या, तर तो माणूस तुला अशी गोष्ट विकतोय जी विकायला कायद्याने बंदी आहे.

आणि आपल्याकडे पण कायदा आहे बरं का, १९८३ चा एमिग्रेशन अ‍ॅक्ट. परदेशात नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र खात्याचं रजिस्ट्रेशन लागतं, ई-मायग्रेट पोर्टलवर रजिस्टर्ड एजंटांची यादी आहे, आणि बेकायदा एजंटांची पण वेगळी यादी आहे. रजिस्टर्ड एजंटसुद्धा जास्तीत जास्त ३० हजार आणि वर जीएसटी एवढंच घेऊ शकतो. बाणेरवाल्यांना मी रजिस्ट्रेशन नंबर विचारला तर म्हणे आम्ही रिक्रूटमेंट करतच नाही, फक्त व्हिसा कन्सल्टिंग. आणि टेबलावरच्या पॅम्प्लेटवर छापलंय, जॉब गॅरंटीड.

तुला जायचंय, आणि तू गेली पाहिजेस असं मला पण वाटतं, हे तू मनात पक्कं ठेव. तू पीएलसीवर, मशिनं चालवणाऱ्या त्या कंट्रोलरवर, पाच वर्षं काम केलंयस, रात्री अडीचला लाइन बंद पडल्यावर चेन्नईतल्या त्या प्लांटमध्ये तुला उठवतात, हे काम येणारी माणसं सगळीकडे लागतात. अमेरिकेचं सध्या डोक्यातून काढ, तिथला नोकरीचा एचवनबी व्हिसा एक तर लॉटरी, आणि त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून नवीन माणूस आणायला कंपनीला १ लाख डॉलर भरायचा नियम आला, तुझ्यासाठी कोण भरेल. मला दोन देश तुझ्या कामाला जवळचे वाटले.

एक नेदरलँड्स. तिथेही इमिग्रेशन खातं, आयएनडी म्हणतात त्याला, मान्यताप्राप्त स्पॉन्सरांची यादी प्रसिद्ध करतं, नाव आणि केव्हीके नंबर, म्हणजे तिथला कंपनी नोंदणीचा नंबर, असतो. आइंडहोव्हनच्या बाजूला फेल्डहोव्हनला एएसएमएल आहे, चिप बनवायची मशिनं करणारी, आणि तिला पार्ट, ऑटोमेशन पुरवणाऱ्या कंपन्या त्या भागात भरपूर आहेत. मोठीच्या मागे सगळं जग लागलेलं असतं, तू तिच्या पुरवठादारांकडे बघ, त्यांची नावं यादीत आहेत का ते तपास आणि त्यांच्या करिअर पेजवर थेट अर्ज कर. यादीत नाव असणं म्हणजे जागा रिकामी आहे असं नाही, हे पण लक्षात ठेव, आधी यादी मग जागा. एक गोष्ट मात्र घाईची आहे, तिथे ३० च्या आतल्यांना पगाराची अट कमी असते, २०२५ साली ती महिन्याला ४,१७१ युरो होती, ३० पूर्ण झाले की ५,६८८. तू २८ ची आहेस, म्हणजे दीड दोन वर्षं तुझ्या हातात आहेत.

दुसरा जर्मनी, आणि मला विचारशील तर तोच. तिथे स्पॉन्सर लायसन हा प्रकारच नाही, कुठलीही खरी कंपनी बोलवू शकते, म्हणून तिथे यादी शोधत बसू नकोस. ब्लू कार्डला, म्हणजे डिग्रीवाल्यांच्या नोकरीच्या परवान्याला, २०२५ साली वर्षाला ४८,३०० युरो पगार लागायचा पण इंजिनिअरसारख्या टंचाईच्या कामांना साधारण ४३,७६०. डिग्री चालते का ते अनाबिन नावाच्या डेटाबेसवर बघायचं, युनिव्हर्सिटीपुढे एच प्लस (म्हणजे तिथे मान्य) आहे का आणि आपला कोर्स समकक्ष धरलाय का, दोन्ही पानांचे प्रिंट काढून ठेवायचे. जागा मेक इट इन जर्मनी या तिथल्या सरकारी पोर्टलवर सापडतात. तुझ्या बायोडाटात सीमेन्सचं टीआयए पोर्टल, ते पीएलसी प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर, अगदी खाली, छंदांच्या वरच्या ओळीत टाकलंयस, ते वर घे गं, पहिल्या चार ओळींत. कुठल्या मशिनवर, किती स्टेशनची लाइन, बंद पडायचं प्रमाण किती कमी केलंस ते लिही. मी टूलरूममध्ये एकवीस वर्षं माणसं घेतली, मी पहिल्यांदा हेच बघायचो की हा काय उघडून परत जोडू शकतो, बाकी मेहनती, जिद्दी वगैरे सगळेच लिहितात.

आणि एक रस्ता जो तू धरतच नाहीयेस तो म्हणजे इथूनच. चाकण, रांजणगावला जर्मन कंपन्यांची रांग आहे, फोक्सवॅगनचा प्लांट चाकणलाच आहे. आमच्या वेळचे शिंदे काका आठवतात ना, पिंपळे गुरवचे, ते एका जर्मन मशीन कंपनीत लागले, आधी कमिशनिंगला, म्हणजे नवीन मशीन बसवून चालू करून द्यायला, तीन तीन महिने तिकडे जायचे, मग त्यांनीच ठेवून घेतलं. सहा महिने कंपनीत झाले की आतल्या आत बदलीचा रस्ता कायद्यातही आहे. इथे येऊन वर्षभर काम केलंस तर आम्हालाही तू दिसशील, पण मी त्यासाठी म्हणत नाहीये, खरंच तो रस्ता चांगला आहे.

पण जर्मन आलं पाहिजे. ब्लू कार्डला भाषेची अट नाही हे खरंय, ओंकारने पण वाचून दाखवलं. पण प्लांटवर ऑपरेटरशी, मेंटेनन्सच्या माणसाशी तू इंग्रजीत बोलणार का? सॉफ्टवेअरवाल्यांचं चालतं, तुझं काम मशिनपाशी उभं राहून करायचं आहे. बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन आहे, जर्मन शिकवणारं, तिथे मी चौकशी केली, ऑनलाइन पण क्लास असतात, चेन्नईत पण त्यांचं सेंटर आहे. बी वन या मधल्या पातळीपर्यंत तरी जा. तोपर्यंतच्या सगळ्या फी, परीक्षा, पुस्तकं, आणि व्हिसाच्या वेळची फी, विमानाचं तिकीट, सुरुवातीचे दोन महिने राहायचा खर्च, हे सगळं एफडीतून. हिशेब मी वहीत मांडलाय, साडेचार लाखांच्या आत बसतं आणि थोडे उरतात.

बाणेरवाल्यांना तू दहा हजार टोकन दिलंयस ते मला आईने सांगितलं, तिच्यावर चिडू नकोस. त्यांना एक मेल कर की मी पुढे जात नाही, ओरिजिनल कागद परत द्या. तुझी ओरिजिनल डिग्री त्यांच्याकडे आहे का हे मला आजच कळव, असेल तर मी शनिवारी जाऊन घेऊन येतो, त्यावर ते पैसे मागतील तर मागू देत, मी देणार नाही आणि तिथून हलणारही नाही. पासपोर्ट मात्र कुणाच्याही हातात ठेवून येऊ नकोस, झेरॉक्स द्यायची, तीही सही करून, कशासाठी दिली ते लिहून.

डिप्लोमाची आणि डिग्रीची मार्कशीट मी बाहेर काढून ठेवलीत. तिसऱ्या सेमिस्टरची सापडत नाहीये, तुझ्याकडे स्कॅन असेल तर आज रात्री पाठव, म्हणजे सोमवारी ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज टाकता येईल. पासपोर्टवरचं तुझं नाव आणि मार्कशीटवरचं नाव यात स्पेलिंगचा एक डबल ए चा फरक दिसतोय, ते पण बघून सांग.

आईने डिंकाचे लाडू केलेत, कुरिअरने पाठवतेय.

तुझा,
बाबा