शेअरच्या भावाशेजारी मतांचा रकानाही हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या कंपनीतील गैरव्यवहार उघडकीस आला की लेखापरीक्षक काय करत होते, स्वतंत्र संचालक गप्प का बसले, नियामकाला जाग उशिरा का आली, हे प्रश्न वृत्तपत्रांतून हिरिरीने विचारले जातात आणि ते रास्तच असतात. मात्र त्या कंपनीचे शेअर कोणाच्या हाती आहेत व त्यांच्यामागे मते किती आहेत, हा त्याआधीचा प्रश्न बहुधा राहूनच जातो. स्वतंत्र संचालकही साधारणपणे भागधारकांच्या मतांनीच निवडले जातात. ज्याच्या बहुमताने खुर्ची मिळाली, त्याच्याविरुद्ध ते किती वेळा बोलतील, हे वेगळे सांगायला नको.

मालकी जेवढी तेवढेच नियंत्रण, हा समज मुळात खरा नाही. एका कुटुंबाकडे ‘अ’ कंपनीचे ५१ टक्के, ‘अ’कडे ‘ब’चे ५१ टक्के आणि ‘ब’कडे ‘क’चे ५१ टक्के शेअर आहेत, असे धरू. तिन्ही कंपन्यांच्या सभांत शब्द या कुटुंबाचाच चालतो; ‘क’च्या नफ्यातील त्याचा वाटा मात्र जेमतेम १३.३ टक्के भरतो. आता ‘क’ने याच कुटुंबाच्या पूर्ण मालकीच्या दुसऱ्या फर्मकडून वाजवीपेक्षा १०० रुपये जास्त मोजून माल घेतला, तर कुटुंबाच्या एका खिशातून सुमारे १३ रुपये जातात आणि दुसऱ्या खिशात १०० येतात. उरलेले ८७ बाकीच्या भागधारकांचे गेलेले असतात, आणि कागदोपत्री ही साधी खरेदीच असते, रीतसर बिलासकट.

काही कंपन्यांत तर एवढ्या साखळीचीही गरज पडत नाही. संस्थापकांच्या शेअरला प्रत्येकी दहा मते आणि इतरांच्या शेअरला एक मत असेल, तर एकूण शेअरपैकी ९.१ टक्के हाती असले की बहुमत होते. स्नॅप या अमेरिकी कंपनीने २०१७ मध्ये जनतेला विकलेल्या शेअरना एकही मत नव्हते, तरीही ते हातोहात खपले. संचालकांचे बहुमत सुचवण्याचा हक्क भागीदारांच्या गटाकडे ठेवणाऱ्या अलीबाबाला हाँगकाँगच्या बाजाराने दाद दिली नाही, तेव्हा ती २०१४ मध्ये न्यूयॉर्कला गेली. २०१८ मध्ये हाँगकाँगनेही असमान मताधिकाराच्या कंपन्यांना दार उघडले. बाजार एकमेकांशी स्पर्धा करू लागले की छोट्या भागधारकाचे संरक्षण प्रथम सैल होते, असे माझे मत आहे.

विखुरलेली मालकी हा यावरचा उपाय आहे, असेही मी म्हणत नाही. ०.०१ टक्का शेअर असलेल्याने वार्षिक अहवाल रात्रभर वाचून व्यवस्थापनाची चूक पकडली, तरी सुधारणेतून होणाऱ्या फायद्याचा दहा हजारावा हिस्साच त्याच्या पदरी पडतो. मग तो वाचेल कशाला? अशा ठिकाणी कारभार व्यवस्थापकांच्या हाती एकवटतो आणि मोठा, जागरूक भागधारक असणे हिताचे ठरते. प्रश्न त्याचा पैसा आणि त्याची मते यांत अंतर किती, हा आहे.

या रचनेचा परिणाम सभागृहापुरता राहत नाही, तो भावातही उतरतो. २६ ऑक्टोबर २००८ रोजी पोर्शेने जाहीर केले की फोक्सवागनचे ४२.६ टक्के शेअर आपल्याकडे आहेतच, शिवाय आणखी ३१.५ टक्क्यांवर ऑप्शन, म्हणजे त्या शेअरच्या भावाशी बांधलेले करार, आहेत (असे करार देणारे बहुधा तेवढे शेअर स्वतःकडे अडवून ठेवतात). हे सगळे आणि जर्मनीतील लोअर सॅक्सनी राज्याचे सुमारे २० टक्के वजा जाता बाजारात फिरायला जवळपास ६ टक्केच उरत होते, आणि भाव पडेल या अपेक्षेने उसने शेअर विकून बसलेल्यांना परतफेडीसाठी याहून अधिक हवे होते. दोनच दिवसांत भाव सुमारे २१० युरोंवरून १,००० च्या वर गेला आणि ही कंपनी काही काळ जगातील सर्वांत मौल्यवान ठरली. म्हणजे सहा टक्क्यांसाठी झालेल्या झुंबडीच्या भावाने उरलेल्या ९४ टक्क्यांचेही मोल केले गेले!

म्हणून विनंती अशी की, कंपनीविषयीच्या बातमीत बाजारमूल्याबरोबर खुल्या बाजारातील शेअरचे प्रमाण, सर्वांत मोठ्या गटाचा भांडवलातील व मतांतील वाटा आणि त्याने कर्जासाठी गहाण ठेवलेले शेअर, हे आकडे द्यावेत. कारण भाव घसरला की सावकार तेच गहाणाचे शेअर विकायला काढतो. जागेची अडचण असेल, तर ५२ आठवड्यांच्या उच्चांकाचा रकाना वगळला तरी माझी तक्रार नाही.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक