कात्रणांच्या फायलींविषयी

कोलंबस, ओहायो

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, निधनवार्तांच्या कात्रणांतून आपल्या नात्यागोत्यातली तेवढी बाजूला काढावीत आणि बाकीची रद्दीत द्यावीत, असा विचार तुम्ही फोनवर बोलून दाखवलात. आईचे म्हणणे तर असे की असले कागद मुळात घरात ठेवूच नयेत. त्या घाईत मला दोघांनाही नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझी विनंती अशी आहे की एकही कात्रण टाकू नये, सगळ्यांची छायाचित्रे काढावीत, आणि ती आपल्या भावकीपुरती न ठेवता मिरज, सांगली, तासगाव या भागातल्या ज्या कोणाला आपल्या घराण्याचा शोध घ्यायचा असेल त्याच्या हाती पडतील अशी व्यवस्था करावी.

आपल्या घरच्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत आणि बाई एकही नाही. आजोबांची आई 1918 च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली, तेव्हा आजोबा पाच-सहा वर्षांचे होते. पुढे सावत्र आईने त्यांना वाढवले आणि पहिल्या बाईच्या माहेराशी असलेले येणे-जाणे हळूहळू थांबले. तिचे माहेर कोणते, हे तुम्हालाही कधी कळले नव्हते. दादाच्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या एका फायलीतली काही पाने मोबाईलवर टिपून मला पाठवली, त्यांत चार ओळींचे एक कात्रण होते. शिरढोण येथील एका वृद्ध शेतकऱ्याच्या निधनाची ती बातमी होती आणि शेवटी आजोबांचे नाव देऊन ‘यांचे ते मामा होत’ असे छापले होते. वडिलांचे नाव वर्तमानपत्रात आले म्हणून तुम्ही ते कापून ठेवले असणार. माझ्यासाठी मात्र त्या एका वाक्याने पणजीचे माहेर उघड केले.

उघड केले खरे, पण अर्धेच. शिरढोण नावाचे गाव सांगली जिल्ह्यात कवठेमहांकाळ तालुक्यात आहे, कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात आहे, आणि तिसरे पनवेलजवळ आहे. पनवेलचे सोडून दिले तरी उरलेली दोन्ही गावे आपल्याकडून सारखीच जवळची, दोन्हीकडे आपली सोयरीक होऊ शकली असती. कात्रणावर ना वर्तमानपत्राचे नाव, ना तारीख. मागच्या बाजूला सांगलीच्या बाजारातले हळद आणि गुळाचे भाव आहेत, त्यावरून काळाचा अंदाज बांधता येईल, पण गाव ठरत नाही. ते ठरले दुसऱ्याच एका कात्रणावरून. त्यात मिरजेत वारलेल्या, आपल्याशी काहीही संबंध नसलेल्या एका बाईंची बातमी आहे आणि ‘शिरढोण (ता. कवठेमहांकाळ) येथील’ असे म्हणून त्याच शेतकऱ्याचे पूर्ण नाव देऊन त्या त्यांच्या कन्या असल्याचे म्हटले आहे. म्हणजे ज्या बाईंना आपण परक्या समजत होतो त्या आजोबांच्या मामेबहीण निघाल्या. बाबा, तुम्ही जी फायल रद्दीत टाकायला निघाला आहात तीत हे कात्रण होते. आपले कोण आणि परके कोण, हे सगळी कात्रणे एकत्र वाचल्याशिवाय कळत नाही, आणि कात्रणे एकत्र ठेवण्याचा माझा आग्रह मुख्यतः याच कारणासाठी आहे.

इकडे या कामाला चांगलीच प्रतिष्ठा आहे. आमच्या घरापासून दोनएक तासांच्या अंतरावर फ्रीमाँट नावाच्या लहान गावात रदरफोर्ड हेज या अमेरिकेच्या 19व्या अध्यक्षांचे ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. 1916 मध्ये सुरू झालेले ते ग्रंथालय आज ओहायोतल्या जुन्या-नव्या निधनवार्तांची एक मोठी सूची सांभाळते. सूचीत नाव, तारीख, वर्तमानपत्र आणि ते कोणत्या ग्रंथालयात आहे एवढेच असते; मूळ मजकूर हवा असेल तर त्या ग्रंथालयाकडून प्रत मागवता येते. गावोगावची ग्रंथालये आणि स्वयंसेवक आपापल्या भागातल्या नोंदी तीत घालत जातात. त्यांतले बरेचसे तुमच्याच वयाचे निवृत्त लोक असतात, आणि ते अनोळखी माणसांच्या नोंदी लिहितात, कारण आपल्या माणसांची नोंद दुसऱ्या गावात कोणीतरी अनोळखीच लिहीत असणार याची त्यांना खात्री असते. तिथल्या जुन्या बातम्या फार उजव्या होत्या असे मात्र समजू नका. तिथेही कित्येक बायका केवळ नवऱ्याच्या नावापुढे ‘मिसेस’ लावून छापल्या गेल्या आहेत आणि त्यांचे स्वतःचे नाव शोधता शोधता पुरेवाट होते.

आपल्याकडच्या निधनवार्तेचा साचा तुम्हाला पाठच आहे. अल्पशा आजाराने किंवा वृद्धापकाळाने निधन, कंसात वय, मग ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, तीन विवाहित मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे’, आणि शेवटी रक्षाविसर्जनाचा वार व वेळ. या साच्यात मुलींची संख्या मिळते, नावे मिळत नाहीत, आणि मी स्वतः ‘विवाहित मुली’ या सदरात मोडत असल्यामुळे मला ते थोडे टोचते. तरीही वंशावळीत ज्या बाईचा मागमूस नाही ती कोणाची बहीण, कोणाची मावशी, कोणाची सासू म्हणून इथे सापडते. ‘यांच्या त्या भगिनी होत’, ‘यांचे ते मामा होत’ ही शेवटची ओळ बातमी देणारा केवळ प्रतिष्ठेसाठी घालत असे, कारण ज्याचे नाव गावात माहीत आहे त्याच्याशी नाते सांगायचे असे. शोध घेणाऱ्याला मात्र बातमीतली सर्वांत मोलाची ओळ तीच असते, कारण दोन वेगवेगळ्या आडनावांची घरे तिथेच एकमेकांना जोडलेली दिसतात.

अर्थात प्रत्येक शब्द प्रमाण मानून चालणार नाही. ज्यांच्या जन्माची नोंदच झाली नाही त्यांचे वय घरच्यांनी अंदाजानेच सांगितलेले असते आणि ऐंशीच्या पुढे तो अंदाज बहुधा वरच सरकतो. ‘काल’ निधन झाले असे छापलेले असते, पण खेड्यातली बातमी शहरातल्या कचेरीत पोचायला कधीकधी दोन-तीन दिवस लागत. म्हणून कात्रणातली माहिती दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहावी लागते. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा महाराष्ट्रात 1970 पासून लागू झाला, पण त्याआधीही गाव नमुना 14 आणि कोतवाल बुकात मृत्यूच्या नोंदी होत असत. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तहसील कचेऱ्यांमधून ही जुनी दप्तरे, त्यांतली मोडीतली पानेसुद्धा, बाहेर निघाली आणि अनेक जिल्ह्यांनी ती संकेतस्थळांवर ठेवली. कवठेमहांकाळकडची पाने मी त्यात शोधते आहे. याखेरीज त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, आपल्या दारी येऊन वंशावळ वाचणाऱ्या हेळव्याची चोपडी आहे, आणि काही घराण्यांनी छापलेले जाडजूड कुलवृत्तांत आहेत. पण वह्या आणि चोपड्यांतली वंशावळ मुख्यतः बापाकडून मुलाकडे जाते आणि कुलवृत्तांत ज्यांना परवडला त्यांनीच छापला. वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी मात्र एस.टी.च्या वाहकाचीही येत असे आणि कारखानदाराचीही.

तुमच्या फायलींचे खरे मोल इथे आहे. तुम्ही इतकी वर्षे हायस्कुलात शिकवलेत, त्यामुळे माजी विद्यार्थी, त्यांचे पालक, सहकारी, सांत्वनाला ज्यांच्या घरी जायचे असे सगळेच तुम्ही कापून ठेवत गेलात. परिणामी त्यात मिरजेतले सगळे थर आले आहेत. सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्या सतारमेकर घराण्यांतल्या कारागिरांच्या बातम्या आहेत, ज्यांत शेवटी जियारत, म्हणजे मृत्यूनंतरची प्रार्थना, कधी आहे ते दिले आहे आणि कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाचा पुतण्या हे आपसूकच कळते. लिंगैक्य झालेल्या, म्हणजे वारलेल्या लिंगायत व्यापाऱ्यांच्या आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेल्यांच्या आहेत, आणि डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये उभारलेल्या मिशन रुग्णालयात आयुष्य घालवलेल्या परिचारिकांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या आहेत. वानलेस स्वतः 1933 मध्ये कॅलिफोर्नियात वारले. पण त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मिरजेच्या माणसांची माहिती शोधायला निघणाऱ्याला ती कॅलिफोर्नियात मिळणार नाही, तुमच्या कपाटात मिळेल. 2019 च्या महापुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके पाण्यात गेली, हे तुम्ही जवळून पाहिले आहे. एका ठिकाणी, एकाच प्रतीत ठेवलेल्या कागदाचे काय होऊ शकते, हे मी वेगळे सांगायला नको.

आई, तुझ्या मनातली अडचण मला समजते आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. निधनाचे पोस्टकार्ड कोपरा फाडून येत असे आणि वाचून झाले की लगेच फाडून टाकले जाई, घरात ठेवत नसत. सुतक कळावे आणि माणसे वेळेवर पोचावीत एवढ्यासाठीच ते कार्ड असे, त्याचे काम झाले की ते उरू नये, ही जुन्या लोकांची समजूत होती. पण त्यामुळेच आपल्या घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा आहे आणि गेलेल्या माणसांविषयी हस्ताक्षरातली एक ओळही नाही. बाबांची कात्रणे ही त्या फाडलेल्या कार्डांच्या जागी उरलेली एकमेव गोष्ट आहे. तुला ती डोळ्यांसमोर नको असतील तर छायाचित्रे झाल्यावर मूळ फायली दादाकडे नेऊन ठेवता येतील. देवघराच्या खोलीत त्या असण्याचे काहीच कारण नाही. मात्र तुझ्या माहेरच्या बातम्या बाबांच्या फायलीत फारशा नाहीत, त्या कोणाकडे असतील तर मामांना एकदा विचारशील का?

बाबा, तुमची शंका वेगळी आहे आणि ती रास्त आहे. लोकांच्या घरातली नाती अशी उघड्यावर मांडली तर कोणी जमिनीच्या वादात त्यांचा वापर करील, कोणाची दुसरी पत्नी समोर येईल, असे तुम्हाला वाटते. कात्रणाने वारसा सिद्ध होत नाही, त्याला वारस दाखला आणि फेरफार लागतो. तरीही मनस्ताप व्हायला तेवढे पुरते हे मान्य. म्हणून सगळे एकदम खुले करू नये असे मला वाटते. पन्नास वर्षांपूर्वीची कात्रणे आधी घ्यावीत. अलीकडची फक्त जपून ठेवावीत, कारण त्यांतली मुले, सुना, पत्ते आणि हुद्दे हे हयात माणसांचे आहेत. त्या घरातल्यांनी मागितली तर अवश्य द्यावीत. अपघात किंवा आत्महत्येच्या बातम्या सूचीतसुद्धा घेऊ नयेत. वर्तमानपत्राचा छापील मजकूर जसाच्या तसा प्रसिद्ध करायचा असेल तर त्या वर्तमानपत्राला आधी विचारावे. नाव, गाव, साल आणि नाते एवढी सूची आपल्या शब्दांत करण्याला अडचण नसावी.

कामाची पद्धत सोपी ठेवावी. दादाचा मुलगा रविवारी येईल तेव्हा खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, प्रत्येक कात्रणाच्या दोन्ही बाजू टिपाव्यात. मागची बाजू चुकवू नये, तारखेचा सुगावा बऱ्याचदा तिथेच लागतो. जुना वर्तमानपत्री कागद आपोआप पिवळा पडून ठिसूळ होतो, त्यामुळे चिकटलेली कात्रणे ओढून काढू नयेत, पानासकटच छायाचित्र घ्यावे. सेलोटेप आणि लॅमिनेशनच्या भानगडीत तर पडूच नका. कात्रणावर पेनाने लिहू नये. वेगळ्या वहीत क्रमांक घालून त्यापुढे तुम्हाला त्या माणसाविषयी जे आठवते ते लिहावे. कोणत्या गल्लीत राहत, कोणत्या वर्षी तुमच्या वर्गात होते, बातमीत छापलेले नाव आणि घरातले हाकेचे नाव वेगळे होते का, बातमी कोणी दिली असेल. हे कोणत्याही दप्तरात मिळणार नाही आणि मला सर्वांत जास्त तेच हवे आहे. डोळ्यांना त्रास होत असेल तर तुम्ही सांगा आणि नातवाने लिहावे.

एक काम मात्र माझ्यासाठी आधी करा. तुमचे कवठेमहांकाळकडचे एक जुने विद्यार्थी अजून दर गुरुपौर्णिमेला भेटायला येतात. त्यांच्याकडून शिरढोणच्या त्या घरातले आता कोण गावात आहे एवढे विचारून घ्या, आणि कोणी असेल तर दोन्ही कात्रणांच्या प्रती त्यांना पाठवून द्या. आमचे डिसेंबरात येणे ठरले आहे, तेव्हा तुमची प्रकृती बरी असेल तर आपण दोघे तिथे जाऊन येऊ.

आईने गुडघ्याचे औषध वेळेवर घ्यावे. दादा-वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुमची,
लेक