हरणीच्या त्या वाक्याबद्दल

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर

चि. ताई हिस अप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या अक्षतांच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं तू गेलीस, त्याला आज नऊ दिवस झाले. शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकऱ्यांची चवड दाराशीच राहिली. आई काही बोलली नाही, पण तो डबा तिनं अजून फडताळात ठेवलेला नाही. ओट्यावरच आहे, पुसते आणि परत तिथंच ठेवते. होम मैदानावर पाळणे अजून फिरताहेत, रात्री गच्चीवरून त्यांचे दिवे दिसतात. फोनवर तू 'पोचले' एवढंच म्हणालीस. मला फोनवर नीट बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात गेली, कान तिथंच राहिले, आणि तुझा आवाज मऊ. म्हणून लिहितो.

आधी माझी चूक सांगतो. 'देवाच्या गोष्टीला हात लावायचा तर हात धुऊन लावावा' असं मी आत्यासमोर म्हणालो, ते म्हणायला नको होतं. तू दिलेली तुझ्या पुस्तकाची पानं तेव्हा मी अर्धीच वाचली होती. आता सगळी तीनदा वाचून झाली. माळढोकाचं प्रकरण आईला दोनदा वाचून दाखवलं. तो म्हातारा नर माळावर उभा राहून आपल्या माणसांची मोजणी करायला बसतो आणि एकाच्या पुढं जाताच येत नाही, तिथं आईनं पदर डोळ्याला लावला. माळढोक वर्षाला बहुतेक एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर, हे तुला ठाऊक आहे म्हणूनच ते तुला लिहिता आलं. तू सातवीत असताना स्कूटरवरून आपण नान्नजला गेलो होतो ते आठवतं का? दिवसभर उन्हात बसून एक काळविटांचा कळप दिसला, आणि फार लांब एक ठिपका. तू म्हणालीस तोच माळढोक. मी म्हटलं बाभळीचं खोड असेल. आता वाटतं, तुझंच खरं असावं.

तर पुस्तक चांगलं झालंय. माझ्या मुलीनं लिहिलंय म्हणून नाही म्हणत. आपल्या ग्रामदैवताची, सिद्धरामाची गोष्ट गाईच्या तोंडून सांगावी हे आजवर कुणाला सुचलं असेल असं मला वाटत नाही. अव्वा ती गोष्ट सांगायची तेव्हा गुरं नुसती 'चरत होती'. मुकं मुकं राहणारं पोर, श्रीशैलचा देव मल्लय्या येतो, हुरडा मागतो, मग म्हणतो पोटात आग पडलीय, दहीभात आण. पोर घराकडं पळतं. आणि मागं रानात मल्लय्या आणि गुरं एवढीच उरतात. तेव्हा तिथं काय झालं ते फक्त गाईंनी बघितलं, हे तू म्हणालीस तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. सहासष्ट वर्षं ही गोष्ट ऐकतोय, मला कधी गाईंकडं बघायचं सुचलं नाही.

म्हणूनच नवव्या प्रकरणातलं ते वाक्य मला सोडत नाही. पोर दहीभाताचं मडकं घेऊन परत येतं, रान रिकामं. ते हरणी गाईला विचारतं, मल्लय्या कुठं गेला? आणि हरणी म्हणते, 'पोरा, इथं कुणी नव्हतंच.'

ताई, तू देव मानतेस ना? हे विचारायचं नाही असं ठरवून बसलो होतो. लिहून गेलं, राहू दे.

मला जे समजतं ते सांगतो. आपल्याकडं भक्तीच्या गोष्टीत जनावर बोलतं ते काही करमणुकीसाठी नाही. माणसं खरं बोलायची थांबतात तेव्हा ते बोलतं. पैठणला शास्त्री मंडळींनी त्या भावंडांना वेद म्हणायचा अधिकार नाकारला, म्हणून रेड्याला तोंड उघडावं लागलं. धर्मराजाच्या अश्वमेधात सगळे वाहवा करत होते, तेव्हा अर्ध्या सोन्याच्या अंगाचं मुंगूस पुढं आलं आणि म्हणालं, एका उपाशी ब्राह्मणाच्या घरच्या सातूच्या पिठाची सर या यज्ञाला नाही. तिथं लोळलो तर अर्धं अंग सोन्याचं झालं, इथं लोळून उरलेलं अर्धं तसंच राहिलं. राजासमोर हे बोलायची छाती एकाही माणसाला झाली नाही. कोल्हा लबाड बोलतो, माकड मगरीला फसवतं, त्या नीतीच्या गोष्टी. त्या शहाणपण शिकवतात, तिथं लबाडी चालते. पण जिथं देव आहे तिथलं जनावर खोटं बोलत नाही. नाथांच्या गाढवाला तर बोलावंही लागलं नाही, ते नुसतं तहानेनं तडफडत पडलं आणि रामेश्वराच्या कावडीचं पाणी त्याच्या तोंडात गेलं. तू जे लिहितेस ते मुलं वाचणार. लहान मुलाचा माणसाच्या बोलण्यावर नसेल एवढा जनावराच्या बोलण्यावर विश्वास असतो. त्यांना हरणी म्हणाली कुणी नव्हतं, तर त्यांनी मल्लय्याला कुठं शोधायचं?

हे कीर्तन झालं. माफ कर. तू शिकलेली आहेस, हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. मी मागांची देखभाल करणारा जॉबर माणूस, जिथं धागा तुटलेला दिसतो तिथं हात जातोच.

पण गाईचं मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, तेवढं ऐकून घे. बहात्तरच्या दुष्काळापर्यंत मी मंगळवेढ्याकडं रानात गुरांमागंच होतो. वैरण संपली, आमची खिलार दावणीवरून गेली, आणि पाठोपाठ मी सोलापूरला आलो. तुझी हरणी खिलारच आहे, तू तिची मागं वळलेली लांब शिंगं बरोबर लिहिलीस. पण खिलार परक्या माणसाला जवळ येऊ देत नाही. फुरफुरते, मान खाली घालून शिंगं रोखते. मला आमच्या गाईनं पहिले चार दिवस दाव्याला हात लावू दिला नव्हता. आणि तुझ्याच सातव्या प्रकरणात मल्लय्या येतो, तिच्या वशिंडावर हात ठेवतो, आणि ती उभी राहते, कान खाली सोडून. रवंथ थांबवते. हे तू लिहिलंयस. गाय रवंथ थांबवते तेव्हा ती मन लावून ऐकत असते, हे तुला कुणी सांगितलं? मीच कधीतरी सांगितलं असेन. जिनं रवंथ थांबवली ती 'कुणी नव्हतं' कशी म्हणेल?

आणखी एक. हरणी बसलेली उठते तिथं तू तिला आधी पुढच्या पायांवर उठवलंयस. ते घोड्याचं. गाय आधी मागनं उठते, पुढचे गुडघे टेकलेलेच असतात, मग पुढचा एक एक पाय. क्षणभर ती नमस्कार केल्यासारखी दिसते. एवढं बदल.

सोमवारी सकाळी आंघोळीचं पाणी तापायला ठेवलं होतं. बंबाजवळ बसलो असताना ते वाक्य परत डोक्यात आलं, आणि त्याच्यामागनं दुसरंच काहीतरी आलं. लिहू की नको असं तीन दिवस चाललंय.

तुझा भाऊ बापू दवाखान्यात होता तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. दिवस गड्ड्याच्या जत्रेचेच होते. मी तुला म्हणालो होतो, सम्मती कट्ट्यावर अक्षता पडल्या की बापू घरी येतो बघ. तू आत्याबरोबर गेलीस, मुठीतल्या अक्षता टाकल्यास, हर्र बोला हर्र म्हणून घसा बसवून आलीस. दुसऱ्या दिवशी दुपारी बापूनं दहीभात मागितला. किती दिवसांनी त्यानं तोंडानं काही मागितलं होतं. डॉक्टर द्या म्हणाले. आई त्याच्या उशाशी होती, मी तुला घरी पिटाळलं. तू चपला न घालता पळालीस.

तू परत आलीस तेव्हा खाट रिकामी होती, गादी गुंडाळून ठेवलेली. आईला आत्यानं बाहेर नेलं होतं. मी दाराशी उभा होतो. तू विचारलंस, बापू कुठंय? मी म्हणालो, खाली तपासायला नेलाय, बस इथं.

तू बाकावर बसलीस, मांडीवर डबा घेऊन. झाकण नीट लागलं नव्हतं. दह्याचं पाणी तुझ्या फ्रॉकवर ओघळत होतं आणि तू ते पुसत नव्हतीस, डबा हलू नये म्हणून. तासभर. मी बघत होतो. सगळं मी बघितलेलं होतं, तुला सांगणारा दुसरा कुणी तिथं नव्हता, आणि मी तुझ्याशी तसं बोललो.

हे तू ठरवून लिहिलंस की तुझ्या हातून आपोआप आलं, मला माहीत नाही. तुलाही माहीत नसेल कदाचित. यंदा तू जायच्या आधी त्या रात्री मी तुझ्यावर ओरडलो, 'हरणीला खोटं बोलायला लावलंस' म्हणून, तेव्हा तू माझ्याकडं बघत राहिलीस आणि काही न बोलता आत गेलीस. ते बघणं मला आता कळतंय.

त्या दिवसापासून तू मानेनाशी झालीस का? मी देवाच्या नावानं तुला शब्द दिला आणि तो मोडला, तर त्यात सिद्धरामाचा दोष नाही गं. माझा आहे. तो शब्द द्यायला त्यानं मला सांगितलं नव्हतं. दरवर्षी तू गड्ड्याला येतेस, नंदीध्वजांपुढं उभी राहतेस, हात जोडतेस, पण सातही ध्वज पुढं गेले तरी तुझे ओठ हललेले मला दिसत नाहीत. मी विचारत नाही. या वर्षीही नव्हतं विचारायचं.

पण मग मनात येतं, जिचं मानणं संपलं ती एवढी दोनशे पानं सिद्धरामावर कशाला लिहील? आळ्याला रेड्याच्या समाधीवर गेलो होतो, तू आणि बापू दोघं. बापू घंटा वाजवायला उचला म्हणून माझ्या मागं लागला होता, आणि तू दगडाला कान लावून बसली होतीस. पुजारी म्हणाले, पोरी, काय ऐकतेस? तू म्हणालीस, अजून म्हणतोय का ते बघते. सगळे हसले. मी हसलो नाही, मला अभिमान वाटला होता. तेव्हा बोललो नाही, आज सांगतो.

लोक काय म्हणतील ही काळजी आईला आहे. गावात हल्ली कुणाला काय खुपेल सांगता येत नाही, असं ती म्हणते. मला ती काळजी फारशी नाही. नुसतं नाव काढायला कुणी हे लिहिलं असतं तर ते दोन पानांत कळतं. तुझं तसं नाही. माझी काळजी तुला कळलीच आहे, एव्हाना चारदा लिहून झाली.

माझ्यासाठी ते वाक्य बदलू नकोस. मी नीट विचार करून सांगतोय. त्या वेळी हरणीला दुसरं काही बोलता आलं नसेल. पोराच्या हातात मडकं, त्याचा श्वास लागलेला. गेला असं त्याला कोण सांगणार?

फक्त एक विचारायचं आहे. नवव्या प्रकरणानंतर हरणी कुठंच दिसत नाही. पोर मल्लय्या मल्लय्या करत श्रीशैलला जातं, कड्यावरनं उडी घ्यायला निघतं, मल्लय्या त्याचा हात धरतो, ते सोन्नलगीला, म्हणजे आपल्या सोलापूरला परत येतं, तळं खणायला घेतं. तोवर बरीच वर्षं गेली असतील, पण खिलार चिवट असते, वीस वर्षं सहज काढते. ती तळ्याच्या काठाला म्हातारी होऊन बसलेली असू शकते. सिद्धराम पाटी डोक्यावर घेऊन तिच्यासमोरनं जाईल. तिथं तिला उठव, आधी मागनं, आणि त्याच्याशी बोलू दे. काय बोलेल ते मला सुचत नाही. ते तुला सुचेल.

लिहून झालं की पाठव. टाईप मोठा ठेव, आई पण वाचते आता.

आत्याचा मुलगा शनिवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर चटणी आणि भाकऱ्या देतो. भाकऱ्या ताज्या केल्यात. दही इथनं टिकायचं नाही, तिथंच विरजण लाव.

तुझा,
अप्पा